एका मुक्या अक्षराची गोष्ट

इंग्रजी लिहितांना कोणी बेट या अर्थाच्या ‘आयलंड’ शब्दांतील मुकें ‘एस्’ गाळलें, कीं आपण त्याला अडाणी ठरवितों. परंतु विद्यार्थिमित्रहो, प्राचीन इंग्रजींत या शब्दांत तें अक्षर मुळींच नव्हतें. लॅटिन ‘इन्सुला’पासून झालेला, त्याच अर्थाचा ‘आइल’ हा निराळा शब्द; त्याच्याशीं खोटें नातें जोडून सोळाव्या शतकांत तें आंत घुसलें. इ. स. १७५५ च्या जॉन्सनच्या कोशांतही तें कायम राहिलें. जाणत्यांची चूकच नियम झाली! नियम अवश्य पाळावा; सर्वांनीं एकसारखें लिहिलें तरच वाचणारा अडखळत नाहीं. मात्र चुकणारास हंसूं नये. त्याला चूक दाखवावी व शब्दाची ही कुळकथाही सांगावी. म्हणजे तें अक्षर तो पुन्हां विसरणार नाहीं.