परस्परसाहाय्याचे मोल मोजावे कसे?

सहकारी पतसंस्था, दूध उत्पादक संघ, बचत गट, मोफत वाचनालये यांचे स्वरूप भिन्न असले, तरी नफ्यापेक्षा सभासदांचे वा समाजाचे हित अग्रक्रमाने पाहणे, हे त्यांचे समान सूत्र होय. अशा संस्थांच्या समुच्चयास 'सामाजिक व परस्परसाहाय्याची अर्थव्यवस्था' असे संबोधता येईल. दि. १८ एप्रिल २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तिच्या संवर्धनाचा ठराव संमत केला. परंतु जिचे संवर्धन करावयाचे, तिचा आकार किती?

पहिली अडचण वर्गीकरणाची. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या संस्था एकत्र आढळत नाहीत. दूध संघ कंपन्यांच्या पंक्तीत बसतो, पतसंस्था वित्तीय क्षेत्रात जाते, तर विनामूल्य सेवा देणाऱ्या संस्थांचा विभाग वेगळाच. यावरील उपाय म्हणजे 'उपग्रह लेखा'. मूळ हिशेबास धक्का न लावता विखुरलेल्या नोंदी त्यात एकत्र मांडल्या जातात. संयुक्त राष्ट्रांनी नफाविरहित संस्थांसाठी याची मार्गदर्शिका २००३ मध्ये प्रसिद्ध केली. २०१८ च्या सुधारित आवृत्तीत तिची व्याप्ती वाढविली.

दुसरी अडचण अस्तित्वाची. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१२ च्या अहवालानुसार भारतात सुमारे ३१.७ लाख नफाविरहित संस्थांची नोंदणी झालेली होती. त्यांपैकी सुमारे २२ लाख संस्थांची प्रत्यक्ष पडताळणी करण्यात आली, तेव्हा जेमतेम ७ लाखांचा ठावठिकाणा लागला. नोंदवहीतील संख्या म्हणजे कार्यरत संस्थांची संख्या नव्हे, हा त्यातील धडा.

याउलट, कार्यरत असूनही निबंधकांच्या नोंदवहीत नसलेले गटही आहेत. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. अनौपचारिक बचत गटास नोंदणीची सक्ती नसल्याने गटाच्या नावे असलेले बँक खाते हीच बहुधा त्याची अधिकृत खूण ठरते. केवळ नोंदणीवर विसंबल्यास या भगिनींचे अर्थकारण गणनेतून निसटते.

तिसरी अडचण मूल्याची. विनामूल्य सेवेस बाजारभाव नसल्याने तिचे मूल्य खर्चाइतके धरतात. समजा, एका मोफत वाचनालयाचा वार्षिक खर्च २ लाख रुपये आहे. पाच स्वयंसेवक तेथे वर्षाकाठी प्रत्येकी १०० तास काम करतात. अशा कामाची मजुरी ताशी ८० रुपये धरल्यास त्यांच्या ५०० तासांचे मोल ४० हजार रुपये होते. नेहमीच्या हिशेबात ते शून्य. उपग्रह लेख्यात मात्र एकूण सेवा २ लाख ४० हजारांची ठरते. म्हणजे सेवेचा सहावा हिस्सा एरवी अदृश्यच राहिला असता.

हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. बंद पडलेल्या संस्था गणल्या गेल्या, तर धोरण फसव्या पायावर उभे राहते. कार्यरत गट वगळले गेले, तर साहाय्य त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आपण एखाद्या संस्थेचे वा गटाचे पदाधिकारी असाल, तर सभेचे इतिवृत्त, सभासदांची उपस्थिती, स्वयंसेवकांचे तास व लेखापरीक्षित हिशेब नियमितपणे नोंदवावेत. राष्ट्रीय मोजमापाचा आरंभ अखेर या साध्या वहीपासूनच होतो.