लेसरने नंबर गेला, तरी जुनी फाईल जपून ठेवा

पंधरा-वीस वर्षे कॉन्टॅक्ट लेन्स वापरलेला माणूस लेसर शस्त्रक्रियेनंतर सकाळी उठतो, भिंतीवरचे घड्याळ त्याला स्पष्ट दिसते, आणि ‘रात्री लेन्स काढायची राहिली की काय’ म्हणून त्याचा हात आपोआप डोळ्याकडे जातो. पहिले पथ्य म्हणजे हा हात आवरणे.

लॅसिक पद्धतीत बुबुळावरील पारदर्शक पटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा, पातळ पापुद्रा उचलतात, खालच्या थराला लेसरने आकार देतात आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवितात. त्याला टाका घालत नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत डोळा चोळला तर तो सरकू शकतो, त्याला सुरकुती पडू शकते. पुढे तो चिकटून बसतो. तरीही जोराचा मार लागल्यास काही वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा मळणीयंत्राजवळ काम करताना गॉगल लावावा. डोळ्याला चेंडू लागला किंवा कुसळ गेले, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना लॅसिक झाल्याचे आधी सांगावे.

आता कोरडेपणाविषयी, कारण सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याच असतात. पापुद्रा काढताना कॉर्नियातील बारीक मज्जातंतू कापले जातात. डोळा कोरडा पडत आहे ही खबर मेंदूला देणारे हेच तंतू. ती खबर नीट पोहोचत नाही, पापणी कमी लवते, अश्रू कमी येतात. अनेक वर्षे लेन्स वापरणाऱ्याच्या डोळ्यांत कोरडेपणा बहुधा आधीपासूनच असतो. किंबहुना लेन्स टोचू लागली म्हणूनच पुष्कळजण लेसरकडे वळतात! त्यांनी या त्रासाची तयारी ठेवलेली बरी. बहुतेकांना सहा महिने ते वर्षभरात आराम पडतो, थोड्यांचा त्रास मात्र रेंगाळतो. आपल्या परभणीच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ अंशांवर आणि वारा भट्टीसारखा असताना, हा त्रास विशेष जाणवतो. कूलरचा झोत सरळ तोंडावर घेऊन झोपू नये. दुपारी बाहेर पडताना गॉगल वापरावा. डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, डोळे चुरचुरण्याची वाट न पाहता, ठरल्या वेळी घालावेत. लेन्सचे उरलेले पाणी त्याऐवजी वापरू नये. नंबर थोडा उरलाच, तर जुन्या लेन्स घालून पाहणेही चुकीचे. कॉर्नियाचा आकार बदललेला असल्याने त्या नीट बसत नाहीत.

थेंबांवरून एक गोष्ट अधिक कळकळीने सांगावीशी वाटते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस, पद्धतीनुसार काही आठवडेही, स्टेरॉइडचे थेंब देतात. त्यांनी डोळ्याची लाली जाते, बरे वाटते. मग काहीजण पुढे कधीही डोळा लाल झाला की तीच रिकामी बाटली दाखवून मेडिकलमधून नवी आणतात. असे थेंब फार दिवस घातल्यास काही जणांच्या डोळ्यातील दाब वाढतो व काचबिंदू होतो. काचबिंदू बहुधा दुखत नाही आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही. त्यातून लेसरने कॉर्निया पातळ झालेला असतो, त्यामुळे दाब मोजण्याचे यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखविते. म्हणजे दाब वाढला तरी तपासणीत तो ठीक वाटू शकतो. याही कारणासाठी लेसर झाल्याचे प्रत्येक डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

रात्री समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याभोवती वलय दिसणे पहिले काही महिने चालते व बहुधा कमी होत जाते. तोवर रात्रीचे गाडी चालविणे टाळलेले उत्तम.

चाळिशी मात्र लेसरने टळत नाही. मायनस नंबरवाली माणसे लेन्स किंवा चष्मा काढून सुईत दोरा ओवीत असत, ती सोय आता गेली. दोन्ही डोळ्यांचा नंबर पूर्ण घालविलेल्यास पंचेचाळिशीच्या आसपास वाचण्याचा चष्मा बहुधा लागतोच. शस्त्रक्रिया फसली असा त्याचा अर्थ नव्हे.

लेसर फक्त कॉर्नियाचा आकार बदलतो. मायनस नंबरचा डोळा मुळात लांबट असतो, त्याचा पडदा ताणलेला व काही ठिकाणी विरळ असू शकतो. तो तसाच राहतो. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारखे चमकले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी पडदा तपासून घ्यावा. तक्रार नसली तरी वर्षातून एकदा तपासणी करावी.

आणि ती फाईल. उतारवयात मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. लेसर झालेल्या डोळ्यात नेहमीचे गणित चुकते व शस्त्रक्रियेनंतर प्लस नंबर उरू शकतो. लेसरपूर्वीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी हे आकडे हाती असले तर डॉक्टरांचे काम सोपे होते. ज्या केंद्रात लेसर केले तेथून हे कागद आजच मागून घ्यावेत, झेरॉक्स काढावी आणि एक प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवून मुलाबाळांना दाखवून ठेवावी.