जनरेटर घरात नको

वीज गेली की आपल्या वऱ्हाडात लग्नघरी, दुकानात जनरेटर लावतात. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथे रात्री घरात जनरेटर चालू राहिला. एकाच घरची सहा माणसे दगावली. म्हणून आम्ही सांगतो, जनरेटर बाहेर, दार-खिडकीपासून लांब ठेवा.

कधी यंत्रातच खोट निघते. मग कंपनी ते परत मागवते. असे कळले की यंत्र लगेच बंद करा. पावती घेऊन दुकानदाराला भेटा. दाद लागली नाही, तर १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर फोन करा.

आता आपल्याला वाचता येते ना? मग यंत्रावरचा क्रमांक आजच वहीत उतरून ठेवा.