सांध्यातील चमकत्या सुया

पायाचा अंगठा एका रात्रीत सुजून लाल होतो. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. हा गाऊट की दुसरे काही? सांध्यातील द्रवाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर उलगडा होतो. पण साध्या उजेडात बारीक स्फटिक पेशींच्या गर्दीत सहज निसटतात.

म्हणून काचपट्टीखाली एक पोलरॉइड चकती बसवतात आणि वस्तुभिंगाच्या वर दुसरी, पहिलीशी काटकोनात. पहिलीतून एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश बाहेर पडतो; दुसरी तो अडवते. सारे काळे! गाऊटमधील सोडियम युरेटचा तिरका पडलेला स्फटिक मात्र या प्रकाशाचे दोन भाग करतो. ते निरनिराळ्या वेगांनी जातात, त्यामुळे कंपनाचे मूळ स्वरूप पालटते आणि थोडा प्रकाश दुसऱ्या चकतीतूनही सुटतो. काळोखात सुया चमकतात.

१९६१ साली अमेरिकेत मॅकार्टी व हॉलंडर यांनी ही रीत गाऊटच्या निदानासाठी वापरली. १९६२ मध्ये मॅकार्टी व सहकाऱ्यांनी गाऊटसारख्याच दुखण्याचे वर्णन केले. त्यातले स्फटिक कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे होते. तेथे युरिक अम्ल कमी करणारी औषधे व्यर्थ!

दोन्ही ओळखायचे कसे? चकत्यांमध्ये एक खास पट्टी सरकवली की पार्श्वभूमी किरमिजी होते. पट्टीवरील खुणेच्या दिशेला समांतर असलेला युरेट पिवळा दिसतो, पायरोफॉस्फेट निळा. मंच ९० अंशांतून फिरवला की रंगांची अदलाबदल होते. स्फटिक सापडले तरी जंतुसंसर्ग नाहीच, असे मात्र डॉक्टर धरत नाहीत. तो तपास वेगळा करावा लागतो.