बोटीचे तिकीट आत्ता काढावे की भाव पडेपर्यंत थांबावे?

आरडी मुदतीआधी मोडायला कोणी आले की आम्ही कारण विचारतो. पूर्वीची कारणे ठरलेली असत : मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, मुलाची फी. आता अधूनमधून ‘मुंबईहून क्रूझ’ हेही उत्तर मिळते. जामुलपासून मुंबईचा समुद्र अकराशे किलोमीटर दूर आहे, म्हणूनच तो पाहायची हौस इथे जास्त. निवृत्तीचे पैसे हातात आलेले असतात, लग्नाला पंचवीस वर्षे झालेली असतात, किंवा मुलांनी मोबाईलवर जाहिरात दाखवलेली असते. मग प्रश्न येतो, ‘साहेब, आत्ता भरले तर सूट आहे म्हणतात. पण शेजारचे म्हणतात, थांबा, शेवटी अर्ध्या भावात देतात. काय करू?’

हौस करावी की नाही, हे मी सांगणार नाही. कष्टाचे पैसे आहेत, कशावर खर्च करायचे ते तुम्ही ठरवा. पण आत्ता की नंतर, हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि तो कागदावर मांडता येतो.

आधी भाव का हलतो ते पाहू. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला बोटी जात, त्या काळी तिकिटाचा दर ठरलेला असे. आजच्या क्रूझचे तसे नाही. बोट बंदरातून सुटली की रिकाम्या केबिनची किंमत शून्य होते, ती उद्या विकता येत नाही. आठवडी बाजारात संध्याकाळी मेथीची जुडी निम्म्या भावात मिळते, त्यामागचे कारणही हेच. पण भाजीवाली अंदाजाने भाव पाडते आणि कंपनी संगणकावर हिशेब करून. या शास्त्राची वाढ विमानकंपन्यांत झाली. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यावरचे सरकारी नियंत्रण उठले आणि १९८५ च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्सने एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांत विकण्याची पद्धत बसवली. लवकर ठरवणाऱ्याला स्वस्त, घाईत असलेल्याला महाग, आणि तरीही जागा उरल्या तर थोड्या स्वस्तात. आपल्या रेल्वेनेही ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, दुरांतो आणि शताब्दीला याच धर्तीचे भाडे लावले : दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढते, ठरावीक मर्यादेपर्यंत.

आता शेजाऱ्यांच्या सल्ल्याकडे येऊ. शेवटच्या आठवड्यात भाव पडतो हे खोटे नाही. पण हा सल्ला जिथून आला ती जागा वेगळी आहे. अमेरिकेत मायामीसारख्या बंदरातून दर आठवड्याला अनेक मोठ्या बोटी सुटतात. बंदराजवळ राहणारे निवृत्त जोडपे सकाळी भाव बघते, दोन दिवसांत बॅग भरून गाडीने धक्क्यावर पोहोचते. एका बोटीत नाही जमले तर दुसरी आहेच. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून देशांतर्गत सफरींना अशा बोटी मोजक्याच. २०२१ पासून कॉर्डेलियाच्या सफरी गोवा आणि लक्षद्वीपकडे सुरू झाल्या, पण पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र खवळलेला असतो आणि शाळेला सुट्टी असते त्याच आठवड्यांत सगळा देश तिकीट मागतो. पर्याय कमी आणि मागणी एकाच वेळी, अशा ठिकाणी भाव पडायची वाट पाहणे अवघड असते.

शिवाय तुम्हाला बोटीपर्यंत पोहोचायचे आहे. दुर्गहून गीतांजली किंवा हावडा-मुंबई मेल धरली तरी साधारण अठरा-वीस तास. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि सुट्टीच्या दिवसांत ते उघडले की लगेच भरते. बोटीचा भाव पडलाच तर तो शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. तेव्हा रेल्वेत वेटिंग शंभराच्या पुढे असते. मग उरते तत्काळ : प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला एसीचे आणि अकराला स्लीपरचे. थ्री एसीला माणशी ४०० रुपयांपर्यंत जादा शुल्क, म्हणजे चौघांचे जाण्या-येण्याचे ३,२०० रुपये. पैशांपेक्षा मोठा प्रश्न असा की तिकीट हाती येईलच याची खात्री नाही, आणि कन्फर्म तत्काळ तिकीट तुम्ही रद्द केले तर परतावा नाही. बोट तुमच्या गाडीसाठी थांबत नाही. (रेल्वेही शेवटच्या घडीला सूट देते बरे का! पहिला चार्ट लागल्यावर उरलेल्या बर्थवर मूळ भाड्यात दहा टक्के, जानेवारी २०१७ पासून. पण मे महिन्यात हावडा-मुंबई मार्गावर उरलेला बर्थ मी तरी पाहिलेला नाही.)

कारखान्यातल्या रजेचेही तसेच. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला रजा आधी मांडावी लागते, आणि ठेकेदाराकडे असलेल्याचा तर प्रत्येक दिवसाचा रोज बुडतो. आठ दिवस आधी कळवून चार दिवस सुट्टी घेणे सगळ्यांना जमत नाही.

आता हिशेब. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, ते कोणत्याही कंपनीचे दर नाहीत. चौघांचे कुटुंब आहे आणि सहा महिने आधी भरले तर सगळे धरून १,२०,००० रुपये लागतात. थांबलात तर तीन शक्यता. दहापैकी तीन वेळा भाव १,००,००० वर येतो, चार वेळा १,२५,००० राहतो आणि तीन वेळा १,५०,००० वर जातो. सरासरी काढली तर १,२५,००० येते. दरम्यान तुमचे १,२०,००० सहा महिने साडेसहा टक्के दराच्या ठेवीत राहिले तर ३,९०० रुपये व्याज मिळाले. ते वजा केले की थांबण्याचा सरासरी खर्च १,२१,१००. म्हणजे जवळपास बरोबरी! त्यात तत्काळचे ३,२०० मिळवले की थांबणे थोडे महागच पडते.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सरासरीचा उपयोग कंपनीला होतो, कारण ती शेकडो केबिन विकते. एकीकडे कमी मिळाले तर दुसरीकडे भरून निघते. तुम्ही दहा वर्षांतून एकदा जाणार. तुमच्या वाट्याला सरासरी येत नाही. एक तर वीस हजार वाचतात, नाही तर तीस हजार जादा जातात किंवा बेतच रद्द होतो. जादा तीस हजार घरात तयार नसतील तर भाव पडण्याची वाट बघणे हा तुमच्यासाठी जुगार आहे.

मग लवकर भरणे सुरक्षित का? पूर्णपणे नाही, आणि जाहिरातीत हे लिहिलेले नसते. तुम्ही बँकेत ठेव ठेवता तेव्हा मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. पर्यटन कंपनीला सहा महिने आधी दिलेली रक्कम म्हणजे तुम्ही तिला दिलेले बिनव्याजी, बिनतारण कर्जच असते, आणि त्याला असा कोणताही विमा नाही. मुंबईहून सफरी काढणारी जलेश क्रूझेस एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली आणि कोरोनाच्या वर्षात, २०२० मध्ये, बंद पडली. तिची ‘कर्णिका’ ही बोट अलंगला भंगारात गेली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट या विमानकंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि उड्डाणे थांबवली. ज्यांनी उन्हाळ्याची तिकिटे आधीच काढली होती ते एका दिवसात प्रवाशाचे धनको झाले, आणि धनकोंच्या रांगेत असे ग्राहक मागेच असतात.

म्हणून मी पूर्ण रक्कम एकदम भरायला सांगत नाही. केबिन लवकर पक्की करा, पण थोड्या आगाऊ रकमेवर. बुकिंग करण्याआधी विचारा, पूर्ण पैसे कधीपर्यंत भरायचे, आणि कोणत्या तारखेला रद्द केले तर किती कापणार. हे तोंडी नको, ईमेलवर घ्या. बहुतेक ठिकाणी तारीख जवळ येईल तशी कपात वाढते आणि शेवटी काहीच परत मिळत नाही. दर ‘माणशी, दोघे एका केबिनमध्ये’ असा सांगितलेला असतो. बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवा शुल्क धरून अंतिम आकडा मागा, नाही तर दोन जाहिरातींची तुलना फसवी होते. पूर्ण पैसे भरण्याच्या तारखेआधी भाव खाली आला तर कंपनीला विचारायला हरकत नाही. जुने रद्द करून नवे काढणे परवडते का, ते कपात धरून पाहा. पैसे शक्यतो कार्डाने भरा, कारण सेवा मिळाली नाही तर कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे वाद नोंदवता येतो.

उरलेल्या रकमेसाठी कर्ज नको. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो, आणि बऱ्याचदा रोखीची सूट हातातून जाते. क्रेडिट कार्डाचे बिल मागे ठेवले तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. त्याऐवजी सफरीच्या नावाने वेगळी आरडी उघडा. साडेसहा टक्के दराने महिना ९,७०० भरले तर वर्षाअखेर सुमारे १,२०,५०० होतात. तेवढे जमत नसेल तर दोन वर्षे महिना ४,७०० पुरतात. मुदत अशी निवडा की पूर्ण पैसे भरण्याच्या तारखेआधी ती संपेल, म्हणजे मोडायची वेळ येत नाही आणि व्याजदरात कपात होत नाही.

थांबणे कोणाला परवडते, तेही सांगतो. तुम्ही दोघेच आहात, निवृत्त आहात, मुलगा ठाण्यात किंवा पुण्यात आहे आणि हिवाळ्यात महिनाभर तिकडे जाणारच आहात. रेल्वेचे तिकीट आधीच काढलेले आहे, शाळेचे बंधन नाही, आणि बोट नाही मिळाली तरी नातवंडांसोबत दिवस चांगले जाणार आहेत. अशांनी खुशाल थांबावे आणि रोज भाव बघावा. आमच्या शाखेच्या खातेदारांत विदर्भातून भिलाईला आलेली अशी बरीच घरे आहेत.

फक्त एक लक्षात ठेवा, शेवटच्या घडीची सूट शोधणाऱ्यांवरच भामट्यांचे लक्ष असते. ‘आज रात्री बारापर्यंत, दोन केबिन शिल्लक’ असा व्हॉट्सअॅप संदेश आणि खाली एखाद्या माणसाच्या नावाचा यूपीआय आयडी, हे दिसले की पैसे पाठवू नका. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः शोधलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी ती अडवता येते. मग शाखेत या, आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक व त्या संदेशाचा स्क्रीनशॉट सोबत आणा.