आई, पोटात दुखतंय

तवा गॅसवर, डबा अर्धा भरलेला, खाली व्हॅनचा हॉर्न. आणि एक मोजा हातात घेऊन बसलेलं आपलं पोर म्हणतं, "आई, पोटात दुखतंय."

"काही दुखत नाही. नाटकं नकोत, आवर!" हे आपल्यापैकी कितीजणींच्या तोंडून निघालंय? माझ्या तर कितीदा तरी.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट तपासलं आणि म्हणाले, "आजार नाही, पण दुखतं ते खरंच." भीती किंवा धास्ती वाटली की अंगात अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल वाढतं, पचनाचं तंत्र बिघडतं. मुलाला धास्ती सांगता येत नाही. पोट दुखतंय, एवढं सांगता येतं.

मग मी थोडं वाचलं. हान्स सेली या शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून १९३६ मध्ये ताणाचे तीन टप्पे मांडले होते. आधी शरीर धोक्याचा इशारा देतं, मग तग धरतं, आणि ताण हटलाच नाही तर थकून जातं. ते मधलं 'तग धरणं' माझ्या मनाला लागलं. जूनपासून माझा मुलगा तेच करत होता. शाळेत जायचा, डबा संपवायचा, आणि आम्ही निश्चिंत!

कारण कळलं ते रात्री, दिवा मालवल्यावर. त्याचा जिवलग मित्र दुसऱ्या तुकडीत गेला होता. "मधल्या सुट्टीत मी कुणाबरोबर बसू?" तीन आठवडे हा प्रश्न त्याने एकट्याने सांभाळला होता. सकाळच्या घाईत तो मला विचारणार तरी कधी?

आता रात्रीची दहा मिनिटं मी फोन स्वयंपाकघरात ठेवते आणि त्याच्याजवळ आडवी होते. फार विचारत नाही. कधी तो बोलतो, कधी नुसता माझ्या बांगड्या फिरवत झोपी जातो. झोपही थोडी अलीकडे आणलीय. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. आमच्याकडे साडेअकरापर्यंत दिवे चालू असायचे.

दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर मात्र ताण म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि तग धरून धरून तुम्हीच थकला असाल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.