ब्राउझरवर चालणारा छोटा संगणक : आठ दिवसांची ओळख



आपल्या शाळेच्या संगणक कक्षातील यंत्रे आता जुनी झाली आहेत. ती बदलताना पुन्हा तेच मोठे डबे घ्यायचे, की बोटाने चालणारे छोटे, स्वस्त लॅपटॉप घ्यायचे, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत निघाला. दुसऱ्या प्रकारच्या यंत्राला क्रोमबुक म्हणतात. एका पालकांनी आपले असे एक यंत्र आठ दिवसांसाठी शाळेला वापरायला दिले, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. संगणक विभागातील आम्ही शिक्षकांनी ते स्वतः वापरले आणि पाचवी ते नववीच्या मुलांच्या हातीही दिले. त्यावरून आमचे जे मत झाले ते या लेखात सर्वांसमोर ठेवत आहोत.

हे यंत्र आहे तरी काय?

आपण इंटरनेटवरील पाने ज्या प्रोग्राममधून पाहतो, त्याला ब्राउझर म्हणतात. नेहमीच्या संगणकात विंडोज ही मूळ प्रणाली असते आणि ब्राउझर हा तिच्यावर चालणाऱ्या अनेक प्रोग्रामांपैकी एक असतो. क्रोमबुकमध्ये मात्र जवळजवळ सगळे काम ब्राउझरमध्येच होते. निबंध लिहिणे, तक्ता करणे, चित्र काढणे, सारे तिथेच. लिहिलेला मजकूर मुख्यतः यंत्रात राहत नाही. तो दूरच्या मोठ्या संगणकांवर, म्हणजे सर्व्हरवर, आपल्या खात्यात साठतो.

या प्रणालीचे नाव क्रोम ओ.एस. असून तिच्या पोटात लिनक्स आहे. गुगलने ती २००९ साली जाहीर केली. तिच्यावर चालणारी पहिली यंत्रे २०११ साली परदेशात विक्रीला आली आणि भारतात ती २०१३ मध्ये पोहोचली. कोरोनाच्या काळात घरबसल्या शाळा सुरू झाल्यावर अशा यंत्रांकडे आपल्याकडे अधिक लक्ष गेले. ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने गुगल क्लासरूमचा उपक्रम सुरू केला. एप्रिल २०२१ मध्ये एच.पी. कंपनीने ११.६ इंची स्पर्शपडद्याचे क्रोमबुक भारतात आणले, तेव्हा त्याची किंमत २१,९९९ रुपये होती. म्हणजे ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ आपल्या घराच्या हिशेबाने ज्याचा त्याने लावायचा आहे.

पहिल्या दिवशी काय दिसले?

यंत्र वजनाला सुमारे एक किलो. पाचवीतली मुलेही ते एका हाताने उचलतात. झाकण उघडले की दहा-बारा मोजेपर्यंत ते तयार असते. आमच्या कक्षातील यंत्रे सुरू होईपर्यंत हजेरी घेऊन संपते, त्यामुळे मुलांना याचे फार अप्रूप वाटले. आत पंखा नसल्याने आवाज नाही. दिवसभराचे तास झाले तरी चार्जर लावावा लागला नाही.

कळफलकावर काही गोष्टी वेगळ्या आहेत. कळांवर इंग्रजीची मोठी अक्षरे नसून लहान अक्षरे छापलेली आहेत. कॅप्स लॉकच्या जागी शोधाची कळ आहे. वरच्या रांगेत एफ-१, एफ-२ ऐवजी मागे जाणे, पान ताजे करणे, प्रकाश, आवाज अशी कामाची बटणे आहेत. मुलांना हे दहा मिनिटांत जमले. आम्हा मोठ्यांना दोन दिवस लागले!

उणिवाही सांगतो. पडदा लहान आहे, त्यामुळे दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवून काम करणे कठीण जाते. उन्हात पडद्यावर प्रतिबिंब पडते. एका वेळी दहा-बारा पाने उघडली की यंत्र रेंगाळते, कारण स्वस्त यंत्रात स्मृती, म्हणजे रॅम, बहुधा ४ जी.बी. असते.

बोट ठेवले की पडद्याला कळते कसे?

विज्ञानाच्या तासाला हा प्रश्न नववीच्या मुलांनी विचारला. या पडद्याखाली विद्युतभार धरणारा पारदर्शक पातळ थर असतो. आपले शरीर विजेचे वाहक आहे. बोट टेकले की त्या जागी भारात बदल होतो आणि कोणत्या जागी बदल झाला हे यंत्र मोजते. म्हणूनच नखाने किंवा पेन्सिलीने टोचून काही होत नाही. पाणीही या भारात ढवळाढवळ करते, त्यामुळे ओल्या हातांनी पडदा भलतीकडेच उड्या मारतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात वर्गात एक कोरडे फडके ठेवावे लागेल.

भारत सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट आणला होता, तो काहींना आठवत असेल. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा पडदा दाबावर चालणारा होता. वरचा थर दाबून खालच्या थराला टेकला की जागा कळायची. तिथे पेन्सिल चालायची, पण बोट जोराने दाबावे लागायचे.

मराठीचे काय?

आपल्या दृष्टीने हाच खरा प्रश्न. मुलांना आम्ही एकच वाक्य टंकायला दिले : ‘२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले.’ गुगल डॉक्समध्ये इनपुट टूल्स म्हणून सोय आहे. तिथे मराठी निवडून रोमन अक्षरांत शब्द लिहिला की देवनागरीत पर्याय समोर येतात. बहुतेक मुलांना वाक्य पहिल्याच प्रयत्नात जमले. मात्र ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा ‘र’ आणि ‘ळ’ नीट आला का, हे दर वेळी डोळ्यांनी तपासावे लागते. बोलून लिहिण्याची मराठी सोयही आहे, परंतु तिला इंटरनेट लागते आणि वर्गातला गलबला तिला सोसत नाही.

अडचण आहे ती जुन्या मजकुराची. आपल्या वार्तापत्राचे मागील अंक आणि अनेक प्रश्नपत्रिका श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. त्या पद्धतीत ‘क’ हे अक्षर यंत्रासाठी ‘क’ नसते. दुसऱ्याच एखाद्या चिन्हाच्या जागी ‘क’चे चित्र बसवलेले असते. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, म्हणून तो मजकूर कुठेही वाचता येतो. विंडोजसाठी केलेले प्रोग्राम क्रोमबुकवर थेट बसत नाहीत. त्यामुळे जुने अंक आधी सध्याच्या संगणकावर युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागतील. ते न करता यंत्रे मोडीत काढली, तर शाळेच्या कित्येक वर्षांच्या आठवणी त्यांच्यासोबत भंगारात जातील.

इंटरनेट गेले तर?

पाऊस लागला की आपल्याकडे वीज आणि इंटरनेट दोन्ही लपंडाव खेळतात. म्हणून एके दिवशी आम्ही मुद्दाम जोडणी बंद करून पाहिले. आधीपासून ‘ऑफलाइन’ची सोय सुरू करून ठेवलेले निबंध उघडले, त्यांत लिहिता आले आणि जोडणी परत येताच ते आपोआप खात्यात गेले. उतरवून ठेवलेली बालभारतीची पी.डी.एफ. पुस्तकेही उघडली. पण ज्या विद्यार्थ्याने त्या यंत्रात पूर्वी कधी प्रवेश केला नव्हता, त्याला इंटरनेटशिवाय स्वतःच्या खात्यात जाताच आले नाही. स्क्रॅच हा मुलांचा आवडता प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालतो, परंतु त्याचे संकेतस्थळ उघडायलाही जोडणी हवीच.

खानवेलपलीकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांचा विचार इथे आधी करायला हवा. घरी इंटरनेट नसेल, तर घरचा अभ्यास शाळेतूनच उतरवून देण्याची शिस्त शिक्षकांना पाळावी लागेल. नाहीतर ज्याच्या घरी वाय-फाय आहे तो पुढे जाईल आणि ज्याच्या घरी नाही तो मागे राहील. दोघांच्या हातात यंत्र मात्र सारखेच असेल.

खैरातचा धडा

स्वस्त लॅपटॉप मुलांच्या हाती देण्याचा प्रयोग आपल्या शेजारी महाराष्ट्रात पूर्वीच झालेला आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही चळवळ अमेरिकेतील निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी सुरू केली. शंभर डॉलरचा लॅपटॉप हे त्यांचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात तो त्याहून बराच महाग पडला. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली ही योजना नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा वाडीतील एकशिक्षकी शाळेत तिचा प्रयोग सुरू झाला. पहिली ते चौथीची थोडीशीच मुले, एकच गुरुजी आणि प्रत्येक मुलाला हिरवे-पांढरे यंत्र. एवढ्या छोट्या शाळेत यंत्रांशी खेळत शिकायचे, तर सारी भिस्त त्या एका गुरुजींवर होती.

हीच यंत्रे पेरू देशात लाखोंनी वाटली गेली. तेथील ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषा या विषयांत मुलांची प्रगती वाढल्याचे त्यात आढळले नाही. यंत्र आले म्हणजे शिक्षण आले असे होत नाही. कोणत्या तासाला, कोणत्या धड्यासाठी ते उघडायचे, हे शिक्षकाने आधी ठरवलेले असेल तरच त्याचा उपयोग होतो.

खरेदीपूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

औषधाच्या बाटलीवर असते तशी या यंत्रांनाही मुदत असते. त्या तारखेनंतर सुरक्षिततेची अद्यतने मिळणे बंद होते. गुगलने २०२३ साली ही मुदत दहा वर्षांची केली. पण ती आपण यंत्र विकत घेतल्यापासून मोजत नाहीत, त्या जातीचे यंत्र प्रथम बाजारात आले तेव्हापासून मोजतात. वापीच्या बाजारात कोणी जुने यंत्र निम्म्या किमतीत देऊ केले, तर सेटिंगमध्ये जाऊन मुदतीची तारीख आधी वाचावी.

दुसरी गोष्ट खर्चाची. पात्र शाळांना खाती आणि वर्गाची मूळ सेवा मोफत मिळते. परंतु सर्व यंत्रांवर एका जागेवरून देखरेख ठेवायची असेल, तर दर यंत्रामागे वेगळा परवाना घ्यावा लागतो. दुकानदाराच्या दरपत्रकात तो बहुधा नसतो.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. मुलाचे काम खात्यात राहते, म्हणजे त्याची माहितीही दुसऱ्याच्या घरी राहते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. शाळेकडून संमतीपत्र आले, तर ते न वाचता सही करू नये.

आमचे म्हणणे

आम्हाला यंत्र आवडले. निबंध, वाचन, स्क्रॅच आणि शोधकार्य यांसाठी ते पुरेसे आहे. तरीही एकदम वीस यंत्रे घेऊ नयेत, असे आम्ही विश्वस्तांना नम्रपणे सुचवतो. क्रोम ओ.एस. फ्लेक्स ही प्रणाली २०२२ पासून मोफत मिळते. ६४ बिटचा प्रोसेसर आणि ४ जी.बी. रॅम असलेल्या अनेक जुन्या संगणकांवर ती चालते. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, त्याने जुना मजकूर पुसला जात नाही. आपल्या कक्षातील एका यंत्रावर एक सत्र हा प्रयोग करावा. दरम्यान जुने अंक युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत. टॅलीसारख्या कामांसाठी दोन विंडोज संगणक कायम ठेवावेत. मग किती यंत्रे लागतील ते आपल्यालाच कळेल आणि वाचलेल्या पैशांतून शाळेची इंटरनेट जोडणी सुधारता येईल. पैसे पालकांच्या वर्गणीचे आहेत, ते जपूनच खर्च व्हायला हवेत.

स्वाध्याय

१. ओल्या बोटाने स्पर्शपडदा नीट का चालत नाही, ते पाच ओळींत लिहा.
२. जुना फॉन्ट आणि युनिकोड यांतील फरक एक उदाहरण देऊन सांगा.
३. घरी इंटरनेट नसलेल्या मित्राला गृहपाठ कसा पोहोचवाल? तीन उपाय लिहा आणि वर्गात चर्चा करा.
४. आई-बाबांच्या मदतीने घरातील मोबाइलला अद्यतने मिळतात का, ते शोधून वहीत नोंद करा.